हेड उतरवलंय ना, आता पान्याला हात लावू नका

कराडच्या एका वाचकानं विचारलंय: पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या डीलरकडून ९५ हजाराला वापरलेली एक्सपल्स २०० मोटरसायकल घेतली, तिसऱ्याच सकाळी निळा धूर दिसला, डीलर फोनवर "चालवा हो, होईल नीट" म्हणत राहिला, मग ५ आठवडे चालवली, आता खालून खडखड येतेय आणि मेकॅनिकनं हेड (इंजिनाचा वरचा, वाल्व्ह असलेला भाग) उतरवून पिस्टन, रिंगा, कनेक्टिंग रॉड धरून २८ हजार सांगितलेत. गाडी परत करून पैसे मिळतील का?

अशा मेल कायम येतात, गाडी फक्त वेगळी असते. घेताना काय बघायला हवं होतं ते आता सांगत बसत नाही. एकच विचारतो, ट्रायलला गेलात तेव्हा इंजिन आधीच गरम करून ठेवलं होतं का, कारण थंड इंजिनाचा धूर-आवाज त्यात लपतो? असेल तर ते आठवून लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तुमची केस इंजिनात काय बिघडलंय यावर नाही फिरणार, कधीपासून बिघडलंय यावर फिरणार. डीलर एवढंच म्हणणार की आमच्याकडून गाडी चांगली गेली, यांनीच कमी ऑइलवर घाटात पिदाडली. याला उत्तर इंजिनाच्या आत आहे आणि तेच तुम्ही पुसायला निघालायत. हेड काढायच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो ते मोजायला हवं होतं, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं, प्रेशर वाढलं तर रिंगा-बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) गेलेत, नाही वाढलं तर संशय वाल्व्हवर, दहा मिनिटांचं काम. ते आता गेलं, हेड उतरल्यावर कसली टेस्ट!

पण ब्लॉक, म्हणजे बोअर असलेला भाग, अजून जागेवर आहे, म्हणजे सगळं गेलेलं नाही. एअर फिल्टर फाटका ठेवून मातीत पळवलेल्या गाडीची धूळ बोअर हळूहळू खाते, भिंतीवर उभे बारीक ओरखडे पडतात, होनिंगच्या, म्हणजे बोअर घासताना मुद्दाम पाडलेल्या, तिरक्या रेघा पुसल्या जातात, ते सहसा ५ आठवड्यांचं काम नसतं. ऑइलशिवाय जाम झालेल्या इंजिनात पिस्टनचं ॲल्युमिनियम बोअरला फासल्यासारखं दिसतं, आणि तसं निघालं तर मात्र तुमची बाजू लंगडी. रिबोर केलात, म्हणजे बोअर कापून मोठा केलात, की दोन्ही खुणा कायमच्या गेल्या. काढलेलं ऑइल फेकलं नसेल तर स्वच्छ बाटलीत सील करून ठेवा, चकाकणारी भुकटी असेल तर तीसुद्धा पुरावाच आहे.

तेव्हा आजच मेकॅनिकला थांबवा. इंजिन नंबर, चासी नंबर, किलोमीटर आणि उघडा बोअर असा सलग व्हिडिओ काढा, मध्ये कट नको. डीलरला स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा की अमुक तारखेला, साधारण ८-१० दिवसांनी, इंजिन तपासणार आहोत, स्वतः या किंवा माणूस पाठवा, नाही आलात तरी तपासणी होईल. तपासणी लायसन्सवाल्या मोटार सर्व्हेअरकडून करून लेखी रिपोर्ट घ्या. सर्व्हिस सेंटरवाले "बिघाड जुना आहे" असं सहसा लिहून देत नाहीत, त्यांच्या भरवशावर राहू नका. सुटे पार्ट भंगारात नाही, खोक्यात.

स्टॅम्पवर "पाहून, चालवून, पसंत करून घेतली, पुढे तक्रार नाही" असं असणारच, नसेल तर आश्चर्य. माल विक्री कायदा १९३० च्या कलम १६ प्रमाणे बघूनही जो दोष कळण्यासारखा नव्हता त्यावर भांडायला जागा राहते, पण करारातली भाषा किती घट्ट आहे ते कागद वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. गाडी परत देण्याचं मात्र अवघड दिसतंय, धूर दिसूनही ५ आठवडे चालवलीत आणि लेखी एक ओळ नाही, त्याच कायद्याचं कलम ४२ इथे आडवं येतं: माल ठेवून घेतला आणि वाजवी वेळात नको असं कळवलं नाही तर तो स्वीकारला असं धरतात. मी तुमच्या जागी दुरुस्तीचा खर्च आणि नुकसानभरपाई मागेन, परतावा पर्याय म्हणून खाली लिहीन.

तक्रारीसाठी पुण्याला खेटे घालायची गरज नाही, २०१९ च्या ग्राहक कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्याच्या आयोगात करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही आणि मुदत २ वर्षं. कायदा म्हणतो तपासणी लागली तर ५ महिन्यांत निकाल, ते वाचून हसू येतं, वर्षं जातात. म्हणून नोटीस मिळाल्यावर डीलर निम्म्या खर्चावर तयार झाला तर लगेच नाही म्हणू नका.

आणि आरसी अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे का तुमच्या, ते लिहिलंच नाहीत. पावती डीलरच्या नावानं आहे की त्यानं नुसता मालकाशी सौदा जुळवून दिला, तेही कळवा, कारण एखाद्यानं स्वतःची गाडी विकलेली असेल तर ग्राहक आयोग बहुतेक हात लावणार नाही आणि मग दिवाणी कोर्ट.