बाटली कोणती, ते आधी पाहा

मेडिकलच्या काउंटरवरून : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात गुडघ्याच्या मलमावर मी दोन ओळी काय लिहिल्या, यावेळी जी पत्रं अन् व्हॉट्सअ‍ॅप आले त्यातले निम्मे एकाच गोष्टीचे. गांजाचं तेल. कोणी त्याला भांगेचं तेल म्हणते, कोणी हेम्पचं (त्याच झाडाचं इंग्रजी नाव), कोणी नुसतं सीबीडी (त्या झाडातलं एक रसायन), अन् प्रत्येकाला वाटते आपण एकाच वस्तूबद्दल बोलून राहिलो. तालुक्याच्या गावात तीस वर्षं मेडिकल चालवलं, मी डॉक्टर नाही हे दरवेळी सांगतो, पण बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचायची सवय हाताला लागलेली आहे, आजची उत्तरं त्याच सवयीवर.

प्रश्न : काका, माझ्या सासूबाई ६२ वर्षांच्या. जन्मभर कापूस वेचला, आता दोन्ही गुडघे धरले. दिरानं पुण्याहून ऑनलाइन हेम्प ऑइलची १०० मिलीची बाटली पाठवली, १,४०० रुपयांची. रोज दहा थेंब जिभेखाली ठेवतात. पहिले चार दिवस बरं वाटते म्हणाल्या, आता जसंच्या तसं. त्यात मी एक दिवस घाईत त्याच तेलाची वांग्याला फोडणी दिली तर घरभर धूर अन् भाजी कडू. फायदा होते की नाही ते सांगा. (एक सून, दर्यापूर तालुका)

उत्तर : वहिनी, लेबलचा फोटो पाठवला ते लय बरं केलं, नाहीतर मी अंदाजानं काहीतरी लिहून मोकळा झालो असतो. समोर मोठ्या अक्षरात हेम्प, मागे घटकात एकच ओळ, बियांचं तेल, कोल्ड प्रेस्ड. म्हणजे हे घाण्यावरचं तेल झालं. जशी जवस, तीळ, करडई, तशी भांगेची बी. झाडातलं जे नशा आणते ते टीएचसी अन् ज्याच्या औषधी गुणाचा गाजावाजा चालू आहे ते सीबीडी, दोन्ही असते फुलोऱ्याच्या चिकात, बीच्या आत जवळपास नसतेच. आता बाजारात तेल म्हणून तीन वेगळ्या वस्तू फिरून राहिल्या. एक हे बियांचं, जे खाण्याचं तेल आहे. दुसरं पानाच्या अर्काचं, त्याला आयुर्वेदात विजया म्हणतात, ते औषध आहे अन् वैद्याच्या चिठ्ठीवर घ्यायचं. तिसरं काळं डांबरासारखं, त्याच्याबद्दल खाली एका पोराच्या पत्रात येईलच.

आता हिशोब पाहा. भारतात भांगेची बी, तिचं तेल अन् पीठ खायला २०२१ च्या नोव्हेंबरात एफएसएसएआयनं, म्हणजे खाण्याच्या मालावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, परवानगी दिली, पण अट घातली की खाण्याच्या मालात सीबीडी एका किलोला ७५ मिलिग्रॅमच्या वर जायला नको. तुमच्या १०० मिलीच्या बाटलीत मग ते फारात फार सात मिलिग्रॅम, तेही असलं तर. गुडघ्याच्या झिजेवर सीबीडी चालते का याचा एक चांगला प्रयोग व्हिएन्नाला झाला, २०२३ मध्ये छापून आला, ८६ पेशंट, निम्म्यांना रोज ६०० मिलिग्रॅम सीबीडी, निम्म्यांना दिसायला तसंच पण बिनऔषधाचं, अन् पॅरासिटामॉल दोघांनाही. आठ आठवड्यांनी पाहिलं तर दोघांच्या दुखण्यात फरक सारखाच. म्हणजे सहाशेनं जे झालं नाही ते सातनं कसं होईल, अन् सहाशे मिळवायचे म्हटले तर सासूबाईंना हे तेल रोज आठ किलो प्यावं लागेल.

पहिले चार दिवस बरं वाटलं त्यात खोटं काही नाही. कोणीतरी पुण्याहून आठवणीनं काही पाठवलं, सून रोज जवळ बसून थेंब मोजते, एवढ्यानंही दुखणं हलकं होते, मी काउंटरवर हे शंभरदा पाहिलं. पण त्यासाठी १,४०० ची बाटली कशाला, रात्री गरम तिळाच्या तेलानं हळूहळू चोळून द्या. अन् खुर्चीवर बसून पाय सरळ वर उचलून दहा आकडे मोजायचे, मग दुसरा पाय, सकाळ-संध्याकाळ, हा मांडीचा व्यायाम गुडघ्याला खरा आधार देते, दोन-तीन महिने धीर धरून करायला पाहिजे. खाली उकिडवं बसणं कमी, वजन असेल तर कमी. अन् दुखणं जास्त असेल तर हाडाच्या डॉक्टरला दाखवा.

तेल वाईट आहे असं नाही. ओमेगा-३ त्यात आहे, साधारण पाचवा हिस्सा. पण वहिनी, जवसाच्या तेलात ते निम्म्याहून जास्त असते अन् जवस आपल्या वावरातली! पावभर जवस भाजून, लसूण-तिखट-मीठ टाकून खलबत्त्यात कुटली, भाकरीवर घेतली की झालं. उत्तराखंडात कुमाऊँकडे लोक भांगेच्या बीची चटणी करतातच, त्यांच्या डोंगरात ते पिकते, आपल्याकडे जवस पिकते. धूर काऊन झाला ते पण सांगतो, हे तेल नाजूक, कढई तापायच्या आत जळते, फोडणीचं तेलच नाही ते.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा, त्याला मिरगीचे झटके येतात. व्हॅल्प्रोएट चालू आहे, महिन्यात एखादा झटका येतेच. ओळखीचे एकजण म्हणतात गांजाच्या तेलानं अमेरिकेत पोरं बरी झाली, इंग्रजी गोळ्या बंद करा अन् हे सुरू करा. (एक आई, आर्वी तालुका)

उत्तर : ताई, आधी एकच गोष्ट, गोळी बंद करू नका. मिरगीची गोळी अचानक सोडली की झटका थांबतच नाही असं होऊ शकते अन् त्यात जीव जाते.

आता तुमच्या ओळखीच्यांनी जे ऐकलं त्यात खरं काय ते. सीबीडी मिरगीवर काम करते हे पक्कं ठरलेलं आहे, पण सगळ्या मिरगीवर नाही. २०१८ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सरकारी औषध खात्यानं एपिडायोलेक्स नावाच्या सीबीडीच्या औषधाला मंजुरी दिली ती लेनॉक्स-गॅस्टो अन् द्रावे या दोन अवघड, लहानपणी सुरू होणाऱ्या मिरगीसाठी, २०२० ला त्यात आणखी एक आजार जोडला. त्या औषधात सीबीडी शुद्ध, दर बाटलीत तेवढंच, अन् डोस पोराच्या एका किलोला दिवसाचे १० ते २० मिलिग्रॅम. तुमचा मुलगा २५ किलोचा धरला तर रोजचे २५० ते ५००. ऑनलाइन ज्या बाटलीवर १,००० मिलिग्रॅम लिहिलेलं असते ती चार दिवसांतच रिकामी, त्याही लेबलवर भरवसा किती ठेवायचा? अमेरिकेत ऑनलाइन विकलेल्या सीबीडीच्या ८४ मालांची तपासणी २०१७ ला छापून आली, लेबलवर लिहिलं तेवढं सीबीडी निघालं फक्त ३१ टक्क्यांत, अन् १८ मालांमध्ये नशेचं टीएचसी सापडलं. नऊ वर्षांच्या पोराच्या जिभेखाली असं काही ठेवायचं?

अन् तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, सीबीडी अन् व्हॅल्प्रोएट दोन्ही सोबत घेतले तर लिव्हरवर भार पडते, म्हणून जिथे हे देतात तिथे सारखी रक्ताची तपासणी करतात. महिन्याला एक झटका म्हणजे कदाचित डोस कमी पडून राहिला किंवा मधेच एखादी गोळी चुकते, ते आधी पाहा. झटक्याची तारीख-वेळ वहीत लिहा, मोबाइलवर एकदा व्हिडिओ काढा अन् मेंदूच्या डॉक्टरला दाखवा, निम्मं निदान त्या व्हिडिओतच होते.

गंमत म्हणजे ही वाट आपल्याच देशातून गेली. ओशॉनेसी नावाचा डॉक्टर कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात होता, त्यानं १८३९ मध्ये गांजाच्या अर्काचे प्रयोग लिहून काढले, संधिवात, धनुर्वात अन् एका तान्ह्या लेकराचे झटके. तिथून ते इंग्लंडला गेलं, आता तिकडून बाटलीत भरून परत आपल्या दारात.

प्रश्न : काका, बाबांना तोंडाचा कॅन्सर, वीस वर्षं तंबाखूचा खर्रा. ऑपरेशन झालं, किमो चालू आहे. एकानं काळं तेल आणून दिलं, सुईच्या टोकाएवढं रोज घ्या, गाठ विरघळते म्हणे. ५ ग्रॅमचे १२,००० घेतले. बाबा त्यानं दिवसभर झोपतात. द्यायचं का? (एक मुलगा, वणी तालुका)

उत्तर : नाही रे पोरा. देऊ नको.

माणसाच्या अंगात या तेलानं कॅन्सर बरा झाल्याचा पुरावा नाही. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मरतात ते खरं, पण बशीत पेशी मारणाऱ्या वस्तू ढिगानं आहेत. बाबा झोपतात ते टीएचसीनं, अशक्त माणूस त्यात उठताना पडते, गोंधळते, छातीत धडधडते. अन् तू डॉक्टरला सांगितलं नसणार, बरोबर ना? उद्याच सांग, ते रागावले तरी चालते, किमोच्या औषधाशी त्याचा मेळ बसते का ते त्यांनाच कळणार.

खरं जे आहे ते एवढंच, टीएचसीसारख्या दोन औषधांना, ड्रोनाबिनॉल अन् नॅबिलोन, अमेरिकेत १९८५ ला मंजुरी मिळाली ती किमोच्या उलट्यांसाठी, अन् तेही बाकी औषधं चालली नाहीत तर. टीएचसी अंगातल्या ज्या कुलपांना चावीसारखं लागते, त्याच कुलपांना लागणारं एक रसायन आपल्या अंगातही आपोआप बनते, ते १९९२ ला सापडलं तेव्हा शोधणाऱ्यांनी संस्कृतातल्या आनंदावरून त्याचं नाव आनंदामाइड ठेवलं, त्यामुळे मळमळ, भूक, दुखणं यावर या झाडाचा परिणाम होतो यात जादू काही नाही. पण उलट्या थांबवायला ऑन्डान्सेट्रॉनची स्वस्त गोळी आहे, दुखण्याला मॉर्फिन आहे, ते डॉक्टर कायद्यानं लिहून देतात, मागून घे.

अन् कायदा ऐकून ठेव. गांजाचं असं घट्ट तेल एनडीपीएस कायद्यात, नशेच्या पदार्थांचा १९८५ चा तो, चरस म्हणून धरतात. १०० ग्रॅमपर्यंत थोडं प्रमाण म्हणतात, त्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. घेतलेल्या पैशाची पावती तर त्यानं दिली नसणारच. खर्रा सुटला का बाबाचा? सुटला नसेल तर त्या १२,००० पेक्षा तो सोडवायला जे लागेल ते लाव.

प्रश्न : मला सिकलसेल (एसएस) आहे, वय २१. दुखणं उठलं की जीव नकोसा होते. सीबीडीनं फरक पडेल काय? (कुरखेडा तालुका)

उत्तर : तुझं दुखणं आपल्या भागात घरोघरी आहे, म्हणून मुद्दाम शोधलं. २०२० मध्ये २३ सिकलसेलच्या पेशंटवर गांजाची वाफ देऊन प्रयोग छापून आला, खोट्या वाफेशी तुलना केली तर दुखण्यात ठाम म्हणावा असा फरक निघाला नाही. लहान प्रयोग आहे, पण त्यावर पैसे लावावे असं काही नाही. हायड्रॉक्सियुरिया हे औषध रोज चालू आहे का ते कळव, त्यानं दुखणं उठायच्या वेळा खरंच कमी होतात. पाणी भरपूर, थंडीत अंगभर कपडे. ताप आला किंवा छातीत दुखलं तर घरी थांबू नको.

प्रश्न : बोंडअळीनं कंटाळलो. भांगेच्या बीला एवढा भाव आहे तर पाच एकरात पेरली तर? उत्तराखंडात पेरतात म्हणे. (शेतकरी, दारव्हा तालुका)

उत्तर : भाऊ, तुमच्यापेक्षा जास्त मी कंटाळलो असतो, पण हे करू नका. उत्तराखंडात राज्य सरकारचं लायसन्स लागते अन् झाडात टीएचसी ०.३ टक्क्याच्या आत पाहिजे. एनडीपीएस कायद्याच्या कलम १४ मध्ये धागा अन् बीसाठी परवानगी द्यायची सोय आहे, पण ती सरकारनं द्यायची असते, आपण परस्पर घ्यायची नसते. बिगर लायसन्सची लागवड सापडली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी अन् लाखापर्यंत दंड. तुरीच्या तासात चार झाडं लपवली अन् पोलीस वावरात आले अशा बातम्या तुम्हीही वाचता. अन् त्या पाच एकरात विक्री कोणाला, हे सांगणारा तर अजून मला भेटला नाही.

प्रश्न : कृषीच्या पुस्तकात अंबाडीला डेक्कन हेम्प म्हटलंय. मग अंबाडीच्या बीच्या तेलातही सीबीडी असेल? (निवृत्त शिक्षक, उमरेड)

उत्तर : गुरुजी, प्रश्न आवडला. नाही. इंग्रजांनी ज्याचा दोर वळता येते त्याला हेम्प म्हणून टाकलं, तागालाही सन हेम्प म्हणतात. अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस, कारण पान भांगेसारखं कापलेलं दिसते, पण कूळ कपाशी-भेंडीचं. नशाही नाही, सीबीडीही नाही. कण्या टाकून भाजी करा अन् वरून लसणाचं कढत तेल.

प्रश्न : दर्यापूरवाल्याच वहिनी, फोनवर : मग उरलेलं तेल फेकू काय?

उत्तर : फेकता कशाला, पैसे दिले ना. फ्रिजात ठेवा, ताटात भाकरीच्या चटणीवर कच्चंच एक चमचा घ्या, महिन्याभरात संपवा. रक्त पातळ करायची गोळी सासूबाईंना असेल तर आधी डॉक्टरला विचारा. अन् झाकण उघडल्यावर भिंतीच्या रंगासारखा वास आला तर ते खवट झालं, मग मात्र दाराच्या लाकडाला लावा.