चर्चच्या जुन्या सॉफ्टवेअरमधला डेटा नवीन व्हर्जनमध्ये कसा न्यायचा?

आधी जुन्या व्हर्जनमध्येच पूर्ण बॅकअप घ्या आणि तो वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा, जुनं सॉफ्टवेअर लगेच अनइन्स्टॉल करू नका, कारण बॅकअप बऱ्याचदा त्याच व्हर्जनमध्ये उघडतो. व्हर्जन फारच जुनं असेल तर थेट उडी न मारता मधल्या व्हर्जनवरून जावं लागू शकतं. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची साधी फाइल) काढत असाल तर सभासद क्रमांक आणि कुटुंब क्रमांक दोन्ही घ्याच, नाहीतर नवरा-बायको-मुलं वेगवेगळी पडतात आणि देणग्या कुणाच्या ते कळत नाही. फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नका हो, नंबरातलं सुरुवातीचं शून्य उडतं, ०३/०४ चा मार्च की एप्रिल हाही घोळ होतो. शेवटी प्रत्येक फंडाची वर्षवार बेरीज दोन्हीकडे जुळवा, ती जुळेपर्यंत नवीन नोंदी सुरू करू नका.