पूर्ण भर म्हणजे पूर्ण भर

पोरी,

तुझा मेसेज वाचलो. क्रेडिट कार्डासाठी तीन ॲपवर अर्ज टाकलीस, तिन्हीकडं रिजेक्ट, आणि स्कोर दाखवतंय -१. अगं, -१ म्हणजे तू कुणाचं बुडवलीस असं नव्हे, सिबिलकडं, म्हणजे कोण कर्ज कसं फेडतंय ते लिहून ठेवणाऱ्या कंपनीकडं, तुझी नोंदच नाही एवढंच. खरा स्कोर ३०० ते ९००. खरं आता चौथीकडं अर्ज टाकू नको, प्रत्येक अर्ज रिपोर्टात दिसतोय.

तुझं खातं हाय त्या बँकेत एफडीवर कार्ड देतात काय विचार. पंधरा-वीस हजारांची एफडी तुझ्या नावावर, तिच्यावर थोडं कमी लिमिट, पगाराची स्लिप कोण मागत नाही. बाबांची सोसायटीतली ठेव चालत नाही, एफडी कार्ड देणाऱ्या बँकेतच पाहिजे. (कर्नाटकच्या शक्ती योजनेमुळं तुला बसला तिकीट नाही, तेवढं तरी साठव की.)

आणि बिल पूर्ण भर. स्टेटमेंटवर दोन आकडे येतात, टोटल ड्यू आणि मिनिमम ड्यू. दहा हजारांच्या बिलाला मिनिमम पाचशेच्या आसपास, बघून बरं वाटतंय. मग उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्के धर, म्हणजे वर्षाला ४२, वर १८ टक्के जीएसटी, आणि पुढच्या नव्या खरेदीलाबी पहिल्या दिवसापासून व्याज. ऑटो-पे लावताना टोटल निवड. मिनिमम नव्हे, टोटल!

तू म्हणशील, काका तुम्ही तर जन्मभर रोखीत काढलासा. व्हय, काढलो. गल्लीतली भिशी कधी चुकवलो नाही, किराणा दुकानातली वही महिन्याला कोरी केलो, आणि घराच्या लोनला गेलो तर साहेब कागदातनं मान वर न काढता म्हणतोय, हिस्ट्री नाही. भिशीचं सिबिलला कळत नाही म्हणे. राग अजून हाय. तरी रोखीत वागलो ते चुकलं असं मी म्हणणार नाही, कुणाचं देणं ठेवून झोपलो नाही. तुला तेच करायचं हाय, फक्त बँकेला दिसेल असं. म्हणून डोकं खातोय, पूर्ण भर.

रिचार्ज, पुस्तकं, परीक्षेची फी, एवढंच कार्डवर घाल. पंधरा हजार लिमिट असलं तर साडेचार हजारांच्या वर जाऊ नको. एटीएममधनं तर काढूच नको, फी वेगळी आणि व्याज त्याच दिवसापासून. फोन ईएमआयवर पाहिजे म्हणतीस, ते आधी वर्षभर पूर्ण भरून दाखव, मग बोलू. तेव्हा सिबिलचा रिपोर्टबी काढ, वर्षाला एक फुकट मिळतोय.

शनिवारी खानापूरला येतीस तेव्हा पॅन, आधार, पासबुक घेऊन ये, दुसरा-चौथा शनिवार नव्हे तेवढं बघ. आणि त्या ॲपवाल्यांचा फोन आला तर ओटीपी सांगू नको.

काका