अंगाने लहान असलेल्या मुलाने रग्बी लीगमध्ये कारकीर्द करण्याचे स्वप्न पाहावे का?

आपण लिहिले आहे की ब्रिस्बेनमध्ये राहणारा आपला 14 वर्षांचा भाचा रग्बी लीग खेळतो, निवडीच्या वेळी प्रशिक्षकाने त्याला ‘अंगाने लहान’ म्हणून बाजूला ठेवले आणि आता घरातले काही जण त्याला या खेळातला नामवंत ऑस्ट्रेलियन खेळाडू जॉनथन थर्स्टनचे उदाहरण देऊन धीर देत आहेत. थर्स्टनची कारकीर्द आदर्श मानावी की अपवाद, असा आपला प्रश्न आहे. मी 2008 पासून क्वीन्सलँड राज्याच्या उत्तर भागातल्या टाउन्सविलमध्ये राहतो आणि व्यवसायाने विद्युत अभियंता आहे. खेळाचे औपचारिक शिक्षण मी घेतलेले नाही. तरीही लिहायला बसलो, कारण ‘अंगाने लहान’ हे शब्द आमच्या घरात वर्षभर ठाण मांडून बसले होते आणि त्यांवरून माझा सख्ख्या थोरल्या भावाशी झालेला वाद आजही मिटलेला नाही.

आधी माझे मत स्पष्ट सांगतो. 14 व्या वर्षी केवळ वजन पाहून मुलाला बाजूला ठेवणाऱ्या प्रशिक्षकाला खेळ पाहण्याचा कंटाळा आलेला असतो. या वयात काही मुलांना मिशा फुटलेल्या असतात आणि काहींचा आवाजही बदललेला नसतो. त्यांना एका मैदानावर उभे करून जो जास्त जड तो जास्त चांगला, असे ठरवणे ही सोयीची निवड झाली. थर्स्टनच्या बाबतीत नेमके हेच घडले. त्याचा जन्म 1983 चा, ब्रिस्बेनचा. आईकडून तो गुंगारी या आदिवासी समाजाचा. किशोरवयात तो इतका काटकुळा होता की हा मुलगा मोठ्यांचे टॅकल (धडक देऊन घातलेली पकड) सोसणार नाही, असे म्हणून क्लबांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. शेवटी सिडनीच्या बुलडॉग्ज क्लबने त्याला घेतले आणि 2002 मध्ये तो एनआरएल या देशातल्या सर्वोच्च स्पर्धेत पहिला सामना खेळला. 2004 च्या अंतिम सामन्यात, बुलडॉग्जचा कर्णधार स्टीव्ह प्राइस जखमी असल्यामुळे, 21 वर्षांच्या थर्स्टनला राखीव बाकावर जागा मिळाली. बुलडॉग्जनी रूस्टर्सना 16-13 असे हरवले आणि विजेतेपदाची अंगठी थर्स्टनने प्राइसला देऊन टाकली, कारण तिच्यावर त्याचा हक्क अधिक आहे असे त्याला वाटले. मला हा प्रसंग त्याच्या सगळ्या पदकांपेक्षा मोठा वाटतो. पुढच्याच वर्षी तो आमच्या नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइजकडे आला, पहिल्याच हंगामात त्याने हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचे डॅली एम पदक मिळवले आणि संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले. तो सामना वेस्ट्स टायगर्सने 30-16 असा जिंकला. त्या पराभवानंतर पुढच्या अंतिम सामन्यासाठी त्याला 10 वर्षे थांबावे लागले.

आता आमच्या घराकडे येतो. माझा मुलगा 2014 मध्ये 13 वर्षांचा होता आणि हाफबॅकच्या, म्हणजे चेंडू वाटून खेळ रचणाऱ्याच्या, जागी खेळत असे. चेंडू कोणाला आणि कधी द्यायचा हे त्याला उपजत कळत होते, असे मी बाप म्हणून बोलत नाही. त्याच्याबरोबर खेळणारी मुले तसे म्हणत. त्या वर्षीच्या निवडीत एका प्रशिक्षकाने त्याला नीट खेळूही न देता सांगितले की अंगावर मांस चढले की ये. मुलगा घरी आला, बूट गॅरेजमधल्या फळीवर ठेवले आणि त्या दिवसापासून त्याने त्यांना हात लावला नाही. मी त्याची समजूत घालण्याच्या प्रयत्नात होतो, तेवढ्यात सांगलीहून दादाचा फोन आला आणि त्याने मुलाला सांगितले, “बरं झालं सुटलास. खेळानं पोट भरत नाही, गुडघा तेवढा जातो.”

दादाच्या या बोलण्यामागे त्याचा स्वतःचा इतिहास आहे. तो कबड्डीतला, तालुक्यात नाव असलेला चढाईपटू होता. 22 व्या वर्षी एका सामन्यात निदान रेषा ओलांडून परत वळताना तिघांनी मिळून त्याची पकड केली आणि त्याचा उजवा गुडघा वेडावाकडा पिरगळला. तेव्हा घरात शस्त्रक्रियेसाठी पैसे नव्हते. जिल्हा संघातली त्याची जागा दुसऱ्याला गेली आणि त्याने उरलेली नोकरी कारकुनाच्या टेबलावर काढली. त्यामुळे खेळातले यश हे निव्वळ नशीब असते आणि नशिबाच्या भरवशावर पोरगं सोडू नये, हे त्याचे ठाम मत झाले. त्याचे दुःख मला मान्य आहे; त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र मला कधीच पटला नाही.

2015 च्या सप्टेंबरात दादा आणि वहिनी आमच्याकडे राहायला आले. 4 ऑक्टोबरला रविवार होता आणि काउबॉइज व ब्रिस्बेनचा ब्रॉन्कोज हे क्वीन्सलँडचेच दोन संघ सिडनीत अंतिम सामना खेळणार होते. त्या दिवशी टाउन्सविल कसे होते, हे बाहेरच्या माणसाला सांगणे अवघड आहे. 1995 मध्ये स्पर्धेत आलेल्या या संघाने एकदाही विजेतेपद पाहिले नव्हते. 2013 मध्ये सहा टॅकलनंतर चेंडू सोडावा लागतो असा नियम असताना प्रतिस्पर्ध्यांनी चक्क सातव्या टॅकलवर केलेला ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवणे) मान्य झाला आणि संघ दोन गुणांनी बाहेर पडला. 2014 मध्ये तो 31-30 असा एका गुणाने हरला. अशा शहरातल्या आमच्या दिवाणखान्यात आम्ही पाच जण टीव्हीसमोर बसलो होतो. मुलगा मागे जेवणाच्या टेबलापाशी उभा होता, कारण त्या वर्षात तो रग्बीचा सामना पाहायला आमच्यात येऊन बसत नसे.

दादाला नियम ठाऊक नव्हते, पण टॅकल मात्र तो पहिल्या पाच मिनिटांतच वाचू लागला. कोण खांदा उशिरा घालतो, कोण कंबरेऐवजी पायाकडे जातो, हे तो कबड्डीच्या शब्दांत मोठ्याने सांगत होता आणि ते बरोबर असे. डोक्याला संरक्षक टोपी घातलेला तो बारीक माणूस कोण, हे त्याने आपणहून विचारले. शेवटच्या मिनिटाला ब्रॉन्कोज 16-12 असे पुढे होते. शेवटच्या टॅकलवर चेंडू थर्स्टनच्या हातात आला. अंगावर येणाऱ्यांना हुलकावणी देत त्याने तो मायकल मॉर्गनकडे सोडला, मॉर्गनने पकड होता होता मनगटाच्या झटक्याने तो काइल फेल्टकडे दिला आणि फेल्टने कोपऱ्यात ट्राय केला. वेळ संपली होती आणि गुणसंख्या 16-16 झाली होती. पार कडेच्या रेषेजवळून एक कन्व्हर्जन, म्हणजे ट्रायनंतर खांबांमधून मारायचा दोन गुणांचा फटका, बाकी होते, आणि ते थर्स्टनला मारायचे होते.

चेंडू टीवर (चेंडू उभा ठेवण्याच्या बैठकीवर) ठेवून तो मागे सरकला तेव्हा दादा खुर्चीच्या कडेवर आला होता आणि त्याने दोन्ही हातांनी आपला उजवा गुडघा आवळून धरला होता. चेंडू हवेत वळला, आत आला असे वाटले आणि खांबावर आदळून बाहेर गेला. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरातून एकाच वेळी आवाज आला. दादा म्हणाला, “बघितलंस? एवढी वर्षं खेळून शेवटी खांबच आडवा आला.” मी काही बोललो नाही. मागून मुलगा पुढे आला आणि जमिनीवर, टीव्हीच्या अगदी जवळ, मांडी घालून बसला.

मग गोल्डन पॉइंट, म्हणजे जो पहिला गुण मिळवेल तो जिंकेल अशी जादा वेळ, सुरू झाली. तिच्या पहिल्याच फटक्यावर ब्रॉन्कोजच्या बेन हंटच्या हातून चेंडू निसटला. काउबॉइजना ताबा मिळाला, ते गोलखांबांसमोर आले आणि काही मिनिटांपूर्वी ज्याचा फटका खांबाला लागला होता त्याच थर्स्टनने फील्ड गोल (चालू खेळात खांबांमधून मारलेला एका गुणाचा फटका) मारला. सामना 17-16 असा संपला. त्यानंतरचे दृश्य आपण छायाचित्रात पाहिले असेल: मैदानावर बसलेला थर्स्टन, त्याच्याजवळ त्याची चिमुकली मुलगी आणि मुलीच्या हातात सावळ्या रंगाची बाहुली. त्या बाहुलीने या देशातल्या आदिवासी कुटुंबांना काय दिले असेल, याचा अंदाज मला माझ्या सावळ्या मुलाचा बाप म्हणून थोडाफार करता येतो. सामनावीराचे क्लाइव्ह चर्चिल पदकही त्यालाच मिळाले.

दादाचे म्हणणे त्या रात्रीपासून आजपर्यंत एकच आहे: हंटच्या हातून चेंडू निसटला म्हणून थर्स्टन मोठा ठरला, तेव्हा हेही नशीबच. माझे म्हणणे असे की खांबाला लागलेल्या फटक्यानंतर काही मिनिटांतच पुन्हा चेंडू मागून घेण्याची तयारी नशिबातून येत नाही. ज्या शहराने 20 वर्षे वाट पाहिली त्या शहरासमोर चुकल्यावर कोणीही तो दुसरा फटका सहकाऱ्याकडे ढकलला असता, तरी त्याला दोष देता आला नसता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा गॅरेजमधले बूट फळीवर नव्हते. घरामागच्या मैदानात मुलगा कडेच्या रेषेवरून चेंडू मारत होता आणि दादा लंगडत लंगडत खांबांमागे जाऊन प्रत्येक चेंडू परत आणून देत होता. 20 फटक्यांपैकी सहा आत गेले, हे मला दादानेच येऊन सांगितले.

आता आपल्या प्रश्नाचे जे उत्तर देता येईल ते देतो. थर्स्टन अपवाद आहे, यात शंका नाही. चार डॅली एम पदके, ओरिजिनचे (क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांमधल्या वार्षिक मालिकेचे) सलग 36 सामने, त्यांत 2006 ते 2013 अशा ओळीने आठ मालिकांमधले विजय, एकूण 323 लीग सामने, ही कारकीर्द कोणत्याही मुलासमोर मोजपट्टी म्हणून ठेवू नये. परंतु लहान चणीचे खेळाडूच अपवाद असतात, हे मला मान्य नाही. ब्रॉन्कोजनी 1992 मध्ये पहिले विजेतेपद मिळवले तेव्हा त्यांचा कर्णधार ॲलन लँगर होता आणि मैदानावरच्या बहुतेकांच्या खांद्यालाही तो लागत नसे. हाफबॅकच्या जागेवर नजर, हात आणि पाय चालावे लागतात. भाचा त्या जागेवर खेळत असेल तर वजनाची चिंता दोन वर्षे बाजूला ठेवा. तो पुढच्या फळीत खेळत असेल तर मात्र प्रशिक्षकाच्या म्हणण्यात थोडे तथ्य असू शकते, हे मला मान्य करावे लागेल.

आणखीही काही गोष्टी मान्य कराव्या लागतात, त्या मी दादाशी बोलताना नेहमी टाळत आलो आहे. हा खेळ शरीराची किंमत घेतो आणि ती थर्स्टननेही मोजली. 2017 च्या ओरिजिन मालिकेतल्या दुसऱ्या सामन्यात त्याचा खांदा पहिल्या सत्रातच जायबंदी झाला होता. तरीही तो खेळत राहिला आणि अखेरच्या मिनिटांत डेन गगायच्या ट्रायनंतर कडेजवळून कन्व्हर्जन मारून त्याने क्वीन्सलँडला 18-16 असे जिंकून दिले. मी त्याच रात्री दादाला फोन करून सांगितले की खांबाचा हिशेब पूर्ण झाला. दादाने एवढेच विचारले, “खांद्याचं काय झालं त्याच्या?” त्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली, त्याचा हंगाम तिथेच संपला आणि क्वीन्सलँडच्या जर्सीत तो पुन्हा कधी दिसला नाही. त्या वर्षी काउबॉइज त्याच्याविना अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि मेलबर्नकडून 34-6 असे हरले. 2018 चा हंगाम खेळून तो निवृत्त झाला. डोक्याला बसणाऱ्या माराविषयी आता जे बोलले जाते तेही गंभीर आहे. भाच्याला एकदाही भोवळ आली किंवा सामन्यानंतर काही आठवेनासे झाले, तर डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय त्याला मैदानावर पाठवू नका, प्रशिक्षक काहीही म्हणो.

माझा मुलगा व्यावसायिक खेळाडू झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. तो पुन्हा खेळू लागला, 16 व्या वर्षी अंगाने भरला, एका मोठ्या क्लबच्या निवड चाचणीपर्यंत गेला आणि तिथे त्याच्यापेक्षा खरोखर सरस असलेल्या दोन मुलांमुळे मागे राहिला. त्या नकाराने तो खचला नाही, कारण त्या वेळी त्याचा खेळ पाहून निर्णय झाला होता. आज तो इलेक्ट्रिशियन आहे आणि शनिवारी स्थानिक संघातून हाफबॅक म्हणूनच खेळतो. भाच्याने शाळा सोडू नये, एखादा धंदा हाताशी ठेवावा, आणि या प्रशिक्षकाने त्याला खेळताना किती मिनिटे पाहिले हे आपण स्वतः जाऊन विचारावे. उत्तर 10 मिनिटांपेक्षा कमी असेल तर दुसरा क्लब शोधावा. ब्रिस्बेनमध्ये क्लबांची वाण नाही.

हे उत्तर मी दादालाही पाठवणार आहे. हंटच्या हातून चेंडू निसटला, हे त्याचे म्हणणे मी दहा वर्षे ऐकत आलो आहे. त्याआधी, 16-12 असे मागे असताना, शेवटच्या टॅकलवर चेंडू कोणाच्या हातात होता, तेवढे त्याने मला एकदा सांगावे.