लेझरने कण मोजण्यात करिअर होतं का?

प्रश्न : मी भौतिकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाण्यात मिसळलेल्या दुधातल्या स्निग्धकणांचा आकार लेझरने मोजायचा प्रकल्प केला आणि त्यातच रमले. विषय फार अरुंद आहे, असं घरचे म्हणतात. पुढे जाऊ का?

उत्तर : जरूर जा. घरच्यांची काळजी मला कळते, पण या विषयाचं नाव लोकांच्या कानावर नसतं, एवढंच. औषध किती लवकर विरघळेल ते कणाच्या आकारावर बरंचसं ठरतं. पाण्याचा गढूळपणा विखुरलेल्या प्रकाशावरून मोजतात. इंधनाच्या फवाऱ्यातले थेंब फेज डॉपलर पद्धतीने, म्हणजे थेंबांनी विखुरलेल्या लेझरच्या प्रकाशावरून त्यांचा आकार आणि वेग काढून, तपासतात. रक्तपेशी मोजणाऱ्या अनेक यंत्रांतही लेझरच असतो.

एक गोष्ट मात्र आत्ताच पक्की समजून घे. यंत्राला कण दिसत नाही, प्रकाश दिसतो. मोठे कण तो लहान कोनात विखुरतात, बारीक कण मोठ्या कोनातही. त्यावरून आकार काढायला जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताफ मी (Mie) यांचं १९०८ सालचं गणित वापरतात आणि त्यात कणाचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात शिरताना किती वळतो ते सांगणारा आकडा) भरावा लागतो. तो चुकीचा भरला तरी पडद्यावर आकडा येतोच, आणि खरा वाटतो! नॅनोकणांच्या डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगमध्ये, म्हणजे कणांच्या थरथरीमुळे विखुरलेला प्रकाश कसा कमीजास्त होतो त्यावरून आकार काढण्याच्या पद्धतीत, धोका आणखी मोठा. इतक्या लहान कणांनी विखुरलेला प्रकाश साधारण व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. म्हणजे १०० नॅनोमीटरचा एकच कण १० नॅनोमीटरच्या १० लाख कणांइतका प्रकाश विखुरतो. धुळीचे चार कण सगळा नमुना झाकून टाकतात. हे ओळखणारी माणसं कमी आहेत. उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या ॲप्लिकेशन सायंटिस्ट (उपकरण कसं वापरायचं यात ग्राहकांना मदत करणारे शास्त्रज्ञ) म्हणून अशांनाच शोधतात.

पदव्युत्तर शिक्षणात प्रकाशशास्त्राला द्रवगतिकीची जोड दे. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शीक. ओपनपीआयव्ही हे मोफत सॉफ्टवेअर आहे. लागोपाठच्या दोन छायाचित्रांत कणांचे पुंजके किती सरकले, यावरून ते प्रवाहाचा वेग काढतं. सरावाला उत्तम.

आणि प्रकल्प इतक्यात गुंडाळू नकोस. तोच नमुना तीन वेगवेगळ्या प्रमाणात पातळ करून पुन्हा मोज. दाट नमुन्यात कण बारीक दिसले, तर एका कणाने विखुरलेला प्रकाश दुसऱ्यावर आदळून पुन्हा विखुरला, अशी दाट शक्यता आहे. तो आलेख, त्याच्या कारणासह, प्रवेशाच्या अर्जाला जोड.