मागच्या खोलीतली रेंज आणि दोन वर्षांचा करार

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण पहिल्या वाचनात हा प्रश्न मोबाइल कंपनी बदलण्याचा वाटला आणि दुसऱ्या वाचनात तो निराळाच निघाला. इतर वाचकांसाठी परिस्थिती थोडक्यात सांगते. घरात चार मोबाइल जोडण्या आहेत: तुमची, जोडीदाराची, महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाची आणि आईची. चारही एकाच कंपनीच्या आहेत. तुम्ही घरातल्या मागच्या खोलीत बसून काम करता. रस्त्यावर उत्तम असलेली रेंज तिथे टिकत नाही आणि ग्राहकांचे फोन मध्येच तुटतात. दुसऱ्या एका कंपनीने चारही जोडण्या तिच्याकडे वळवल्यास दोन नवे ५जी हँडसेट हप्त्यांवर देऊ केले आहेत, आणि बंधन २४ महिन्यांचे आहे. सध्याची कंपनी म्हणते की वर्षभर थांबा, तुमच्या भागातले नेटवर्क अद्ययावत होणार आहे. जावे, थांबावे की नुसते फोन बदलावेत, असे तुम्ही विचारले आहे.

माझे मत आधीच सांगते. चारही जोडण्यांचा दोन वर्षांचा करार आत्ता करू नये, आणि सध्याच्या कंपनीच्या आश्वासनाची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. तुमची अडचण बहुधा विनाखर्च सुटेल. ती न सुटल्यास एका जोडणीवर महिनाभर प्रयोग करून मगच पुढचा विचार करावा.

प्रथम पैशांचा हिशेब पाहू; पुढचे पैशांचे सगळे आकडे एकाच प्रमाणात आहेत. चारही जोडण्यांचे तुमचे सध्याचे मासिक बिल १०० धरले, तर तुम्ही कळवलेल्या आकड्यांनुसार नव्या कंपनीचे बिल १४० होते. त्यातले ११० सेवेचे आहेत आणि ३० दोन हँडसेटच्या हप्त्यांचे. हेच दोन हँडसेट रोखीने घेतले तर ६४० ला मिळतात, आणि हप्त्यांची बेरीज ७२० होते. वरचे ८० हे व्याजच आहे, मग जाहिरातीत त्याला काहीही म्हटलेले असो. ८० ला ६४० ने भागून साडेबारा टक्के, आणि ते दोन वर्षांत वाटून वर्षाला सव्वासहा टक्के, असा हिशेब बहुतेक जण करतात आणि दर स्वस्त वाटतो. मात्र मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते, हे धरले की खरा दर वर्षाला सुमारे साडेअकरा टक्के पडतो. या दराने तुम्ही एरवी फोनसाठी कर्ज घेतले असते का, हा प्रश्न स्वतःला जरूर विचारा.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. सध्याच्या तुलनेत दोन वर्षांत तुमचे ९६० जादा जातील. त्यातले ७२० फोनचे आहेत आणि फक्त २४० नेटवर्कचे. रेंज मिळत नाही म्हणून तुम्ही पत्र लिहिले, आणि जादा खर्चाचा तीन चतुर्थांश भाग हँडसेटवर जाणार आहे. नेटवर्क आणि फोन ही दोन वेगळी खरेदी आहे. त्यांची मोट बांधली गेली की कोणती गरजेची आणि कोणती मोहाची हे दिसेनासे होते. शिवाय सहा महिन्यांनी नवे नेटवर्कही पसंत पडले नाही, तर उरलेल्या १८ हप्त्यांचे ५४० एकरकमी भरल्याशिवाय तुम्हाला बाहेर पडता येणार नाही, असे करारातल्या अटीत लिहिले आहे. ती अट तुम्ही पत्रासोबत पाठवलीत म्हणून मला वाचता आली. कृपया तीही पुन्हा एकदा वाचा.

आता मागच्या खोलीकडे वळू. तुम्ही एक फार चांगले काम केले आहे. फोनवरच्या काड्यांवर न विसंबता सेटिंगमध्ये जाऊन सिग्नलची तीव्रता डीबीएम या एककात नोंदवली आहे. काड्या किती दाखवायच्या हे प्रत्येक फोन बनवणारा आपापल्या पद्धतीने ठरवतो, त्यामुळे दोन फोनच्या काड्यांची तुलना करता येत नाही. डीबीएमचा आकडा त्या मानाने भरवशाचा असतो. ४जीवर वजा ९० च्या आसपासचा आकडा चांगला समजतात, वजा ११० ला सिग्नल अशक्त होतो आणि वजा १२० च्या आसपास बोलणे तुटू लागते. तुमच्या मेजावर खिडकी बंद असताना वजा ११८ आणि खिडकी उघडल्यावर वजा १०१, अशी नोंद आहे. हा फरक १७ चा आहे. हे मोजमाप लॉगॅरिदमवर चालते, म्हणजे दहाच्या फरकाला शक्ती दहापट बदलते. त्या हिशेबाने तुमची बंद खिडकी सिग्नलचा सुमारे पन्नासावा भागच आत येऊ देते. पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरता उल्लेख केला आहे की गेल्या वर्षी त्या खोलीला उष्णता अडवणारी काच बसवली. अशा काचेवर धातूचा अतिशय पातळ लेप असतो. तो उष्णता परतवतो आणि रेडिओ लहरीही अडवतो. टॉवर कोणत्याही कंपनीचा असला तरी काच तीच राहणार आहे.

म्हणून पहिला उपाय वाय-फाय कॉलिंगचा. घरी ब्रॉडबँड आहे आणि व्हिडिओ बैठका त्यावर विनातक्रार होतात, असे तुम्हीच लिहिले आहे. वाय-फाय कॉलिंग सुरू केले की नेहमीच्याच क्रमांकावर येणारा साधा फोन टॉवरऐवजी घरच्या राउटरमार्गे येतो. ग्राहकाला काहीही वेगळे करावे लागत नाही. त्यासाठी तुमच्या हँडसेटमध्ये आणि सध्याच्या कंपनीत, दोन्हीकडे ही सोय असावी लागते. ती आहे का हे ग्राहकसेवेला विचारा आणि कॉलचा दर नेहमीचाच लागतो याची खात्री करून घ्या. वीज गेली की राउटरही बंद पडतो, त्यामुळे कामाच्या दृष्टीने त्याला छोटा बॅटरी बॅकअप जोडणे योग्य ठरेल, आणि त्या खर्चाला माझी संमती आहे.

दुसरा प्रयोगही फुकट आहे. तुमचा हँडसेट सहा वर्षांचा आणि मुलाचा दोन वर्षांचा आहे. तुमचे सिम एका संध्याकाळी मुलाच्या फोनमध्ये घाला आणि त्याच मेजावर, खिडकी बंद ठेवून आकडा पाहा. वेगवेगळे फोन एकाच जागी थोडे वेगळे आकडे दाखवतात, म्हणून दोन-चारच्या फरकाला अर्थ नाही. दहाचा फरक दिसला तर दोष बऱ्याच अंशी तुमच्या फोनचा आहे असे समजावे. कंपन्या आपले नेटवर्क वेगवेगळ्या बँडवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या वारंवारितेच्या ठरावीक पट्ट्यांवर, चालवतात. उदाहरणार्थ, २८ क्रमांकाचा बँड ७०० मेगाहर्ट्झचा, ८ क्रमांकाचा ९०० चा आणि ३ क्रमांकाचा १८०० चा. कमी वारंवारितेच्या लहरी लांबवर जातात आणि भिंतीतूनही तुलनेने बऱ्या शिरतात. कंपनीकडे असा बँड असूनही तुमच्या फोनमध्ये तो नसेल, तर ती रेंज तुमच्यापुरती नसल्यातच जमा. तसे निघाल्यास एकच फोन, रोखीने, बँडची यादी तपासून घ्यावा.

५जीबद्दल तुमच्या मनात बरीच आशा दिसते, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते. अनेक देशांत ५जी ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालते. तिथे वेग भरपूर मिळतो, पण तेवढ्याच अंतरावर आणि तेवढ्याच शक्तीने निघालेली ३५०० ची लहर साध्या अँटेनाला ७०० च्या तुलनेत पंचविसाव्या भागाइतकीच मिळते, आणि भिंती व काचा यांनी ही तूट आणखी वाढते. नव्या टॉवरवरचे अँटेना लहरींचा झोत ग्राहकाच्या दिशेने वळवून त्यातली काही तूट भरून काढतात, सगळी नाही. दुसरी गोष्ट अशी की डिसेंबर २०१७ मध्ये ५जीचे जे पहिले मानक पूर्ण झाले, ते ४जीच्या आधारावर चालणारे होते. स्वतंत्र ५जीचे मानक जून २०१८ मध्ये आले. पहिल्या प्रकारच्या नेटवर्कमध्ये फोनला आधी ४जी पकडावे लागते आणि त्यावर ५जीची भर पडते. म्हणजे ज्या खोलीत ४जीच धापा टाकते, तिथे त्याच कंपनीचे असे ५जी मदतीला येत नाही. नव्या कंपनीचे ५जी यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे आणि तुमच्या घराजवळच्या टॉवरवर ते कोणत्या बँडवर आहे, हे तिच्या प्रतिनिधीला लेखी विचारा.

तुम्ही जोडलेल्या रंगीत नकाशावर नवी कंपनी सगळीकडे गडद दिसते. असे नकाशे प्रामुख्याने संगणकावर मांडलेल्या गणिती अंदाजांवर तयार होतात आणि सहसा घराबाहेरची, मोकळ्या जागेतली रेंज दाखवतात. त्यातच व्याप्तीची टक्केवारी लोकसंख्येची आहे की भूभागाची, हेही पाहावे लागते. दाट वस्तीची शहरे झाकली की लोकसंख्येचा आकडा भराभर वर जातो आणि गावांमधले रस्ते कोरडेच राहतात. तुमचा मुलगा रोज दीड तास प्रवास करतो, त्याच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. आणखी एक बारकावा लक्षात ठेवा. काही कंपन्यांचे स्वतःचे टॉवर नसतात, त्या दुसऱ्या कंपनीचे नेटवर्क भाड्याने घेऊन सेवा देतात. नवी कंपनी तुमच्याच सध्याच्या कंपनीच्या नेटवर्कवर चालत असेल, तर बिलावरचे नाव बदलेल आणि रेंज तशीच राहील.

वाय-फाय कॉलिंग आणि सिमची अदलाबदल करूनही समाधान झाले नाही, तर नव्या कंपनीची बंधन नसलेली एक जोडणी महिनाभरासाठी घ्या. तुम्ही पाठवलेल्या दरपत्रकात ती २८ ला आहे. ५४० च्या बंधनात अडकण्याआधी २८ खर्चून खात्री करून घेणे मला पूर्णपणे रास्त वाटते. मुलाच्या फोनमध्ये दुसऱ्या सिमची जागा आहे, तिथे ते घाला. तुमच्या जुन्या फोनमध्ये घातले तर पुन्हा फोनचा दोष आणि नेटवर्कचा दोष यांची सरमिसळ होईल. आठवड्यातून दोन दिवस तुम्ही बाहेर जिथे काम करता ती जागा, मुलाचा रोजचा रस्ता आणि मागची खोली, एवढ्या तीनच ठिकाणच्या नोंदी ठेवा. त्या सकाळी एकदा आणि रात्री आठ-नऊच्या सुमारास एकदा घ्या, कारण सिग्नल भरपूर असूनही एकाच टॉवरवर गर्दी झाली की वेग कोसळतो आणि ती गर्दी दुपारी दिसत नाही.

सध्याच्या कंपनीच्या आश्वासनाला मी आजच्या हिशेबात शून्य किंमत देते. ते खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. अद्ययावतीकरण या एका शब्दात फार वेगवेगळी कामे येतात: टॉवरवर नवा बँड बसवणे, टॉवरपर्यंत फायबर आणणे किंवा जुन्या २जी आणि ३जीची जागा ४जीला देणे. यांतल्या फायबरने वेग वाढेल, पण तुमच्या खोलीतला आकडा वजा ११८ चा वजा ११७ ही होणार नाही. तुम्ही बंधनात नाही, त्यामुळे ते काम झाले तर लाभ आपोआप मिळेल. त्यासाठी वेगळे थांबण्याची गरज नाही. तसेच ४जी फोन लवकरच निकामी होईल या भीतीने घाई करू नका. ४जीची पहिली व्यावसायिक सेवा डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लो येथे सुरू झाली आणि ५जी येऊन अनेक वर्षे झाली तरी जगभर ४जीच मुख्य आधार आहे.

जुने नेटवर्क बंद होण्याची खरी झळ तुमच्या आईला बसू शकते, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटते. त्यांचा बटणांचा फोन आवाजासाठी २जी किंवा ३जीच वापरत असेल, तर जी कंपनी ही नेटवर्के बंद करत आहे तिच्याकडे तो निरुपयोगी ठरेल. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३जी बंद केले, आणि इतर अनेक देशांतही हे घडले आहे. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाने पाच जोडण्या एकदम बदलल्या. आजीच्या फोनवर कंपनीचे नाव दिसायचे, पण हिरवे बटण दाबले की काही क्षणांनी फोन आपोआप बंद व्हायचा. ४जीवरून आवाज नेण्याची सोय त्या फोनमध्ये नव्हती, आणि हे कळेपर्यंत चार दिवस त्या कोणालाही फोन करू शकल्या नाहीत. नव्या करारातल्या दोन हँडसेटपैकी एकही आईसाठी नाही. ४जीवरून बोलता येणारा साधा, मोठ्या बटणांचा फोन त्यांना आत्ताच घ्यावा. या संपूर्ण पत्रव्यवहारातून एकच खर्च करायचा असेल तर तो हा करावा.

प्रयोगात नवी कंपनी खरोखर सरस ठरली, तरी सर्व चार जोडण्या तिच्याकडे नेऊ नयेत. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडातल्या रॉजर्स कंपनीचे नेटवर्क ठप्प झाले तेव्हा सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांची सेवा गेली, आणि दुकानांतले डेबिट कार्डाचे व्यवहारही देशभर अडकले. तुमचे आणि मुलाचे क्रमांक नव्या कंपनीकडे, जोडीदाराचा आणि आईचा सध्याच्या कंपनीकडे, अशी विभागणी केली तर एक नेटवर्क पडल्यावरही घरात एक फोन चालू राहील. चारही एकत्र नेल्याने मिळणारी सवलत यात हुकेल. तेवढी किंमत मोजावी असे मी म्हणेन.

क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलताना काही तास सेवा खंडित राहू शकते, आणि तेवढ्या वेळात बँकेचे ओटीपी येणार नाहीत. म्हणून एका वेळी एकच क्रमांक बदला, कर्जाचा हप्ता किंवा विम्याचा भरणा असलेला आठवडा टाळा, आणि जोडीदाराचा क्रमांक बँकेत पर्यायी म्हणून आधीच नोंदवता येत असेल तर नोंदवून ठेवा. खिडकी बंद ठेवून वाय-फाय कॉलिंगवर आठवडाभर काम केल्यावर किती फोन तुटले, तेवढे मला कळवा. त्यावरून २८ चा प्रयोग करायचा की नाही हे ठरवू.