देवाच्या न्यायाविषयी शंका घेणे हे पाप आहे का?

प्रश्न : माझी थोरली बहीण परिचारिका होती. कोणाचे दुखणे तिने कधी टाळले नाही. गेल्या वर्षी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, ती कर्करोगाने गेली. तिची दोन मुले आता माझ्याकडे आहेत. दफनविधीच्या दिवशी आमच्या चर्चच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्यांनी मला सांगितले की, घरात कोणाचे तरी पाप असल्याशिवाय असे होत नाही. तेव्हापासून मी रविवारच्या उपासनेला जाते, पण गीत गाता येत नाही. देव न्यायी आहे यावर माझा विश्वास उरला आहे की नाही, हेच मला कळत नाही. अशी शंका मनात येणे हे पाप आहे का? — एक वाचक भगिनी

उत्तर : प्रिय भगिनी, आपल्याला जे सांगण्यात आले ते चूक होते, आणि ते पवित्र शास्त्राच्या आधाराने चूक होते, हे मी आधी स्पष्ट लिहितो. शिलोह येथील बुरूज कोसळून 18 माणसे ठार झाली, तेव्हा ती यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे समजू नका, असे प्रभू येशूने स्वतः सांगितले (लूक 13). जन्मांधाला पाहून शिष्यांनी ‘पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी?’ असे विचारले, तेव्हाही त्याने दोन्ही पर्याय नाकारले (योहान 9). दुःख दिसले की मागे जाऊन अपराध शोधायचा, हा हिशेब आपल्या समाजात इतका रुजलेला आहे की बाप्तिस्मा घेऊनही तो आपल्या बोलण्यातून जात नाही. दफनविधीच्या दिवशी तो आपल्याला ऐकावा लागला, याचे मला मनापासून दुःख वाटते.

आता आपला मूळ प्रश्न. सदोम या नगराचा नाश टळावा म्हणून अब्राहामाने देवापुढे उभे राहून, सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय, असे विचारले. यिर्मया संदेष्ट्याने दुष्टांची भरभराट का होते असा जाब विचारला, आणि ‘किती वेळ?’ या आक्रोशाने हबक्कूक संदेष्ट्याचा ग्रंथच सुरू होतो. ज्याला देवाच्या न्यायाशी काही देणेघेणे नाही, त्याला अशी तक्रार सुचत नाही. आपली शंका हे पाप आहे असे मला वाटत नाही.

निर्दोष असूनही संपत्ती, मुले आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाचा ग्रंथ या बाबतीत फार धीट आहे, आणि आपण तो बहुधा फक्त पहिल्या दोन अध्यायांपुरता वाचतो. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ काही न बोलता जमिनीवर बसले, आणि त्यांनी केलेली उत्तम गोष्ट तेवढीच. पुढे ते बोलू लागले ते देवाची बाजू मांडण्यासाठी : देव न्यायी आहे, म्हणून तू दोषी असलाच पाहिजेस. ईयोब मात्र आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि देवालाच वादासाठी बोलावतो. शेवटी देवाचा क्रोध भडकतो तो त्या मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जे यथार्थ ते बोलला, तसे तुम्ही बोलला नाहीत, असे देव म्हणतो (42:7). ‘का’ याचे उत्तर मात्र ईयोबाला मिळत नाही. वादळातून बोलताना देव समुद्र, तारे आणि रानगाढवे दाखवतो. ईयोबाच्या संकटाचे कारण तो सांगत नाही.

याच ग्रंथाच्या शेवटाने मलाही अनेक वर्षे अस्वस्थ केले आहे. ईयोबाची 7,000 मेंढरे 14,000 होतात, उंट व बैल दुप्पट होतात; मुले मात्र पूर्वीसारखीच सात पुत्र व तीन कन्या. मेलेली मुले पुनरुत्थानात आहेतच, म्हणून ती दुप्पट केली नाहीत, असे काही जण समजावतात, आणि त्यात आशा आहे. तरी नवीन मूल जुन्या मुलाची जागा भरून काढत नाही, हे त्या आकड्यांतूनही दिसते, असे मला वाटते. पंडिता रमाबाईंनी दुष्काळाच्या दिवसांत आईवडील गमावले होते आणि 1921 मध्ये एकुलती एक कन्या मनोरमाही गमावली. ईयोबाचे हे शब्द साध्या मराठीत आणण्यासाठी त्या आयुष्याच्या अखेरपर्यंत झटत होत्या.

वधस्तंभावर प्रभूने ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा बाविसाव्या स्तोत्राचा आक्रोश स्वतःच्या तोंडी घेतला. आपल्या ‘का’चे उत्तर मजजवळ नाही, पण तो शब्द त्याच्याही तोंडी होता, एवढ्यावर मी विसंबून आहे.

मुलांना ‘देवाला आई हवी होती म्हणून नेली’ असे कृपा करून सांगू नका. मूल त्यातून एवढेच शिकते की देव आई हिरावून नेतो. ‘का गेली ते मला ठाऊक नाही, मलाही तिची फार आठवण येते’ असे सांगा आणि त्यांना रडू द्या. उपासनेत गाता येत नसेल तर गाऊ नका, बाकावर बसून राहा, शेजारचे गातील. घरी प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तेव्हा 88 वे स्तोत्र मोठ्याने वाचा. त्याच्या शेवटी स्तुती नाही, अंधार आहे, आणि तरीही ते देवालाच उद्देशून आहे.